अंगणातले पडवळ आणि फाटकाचा नळ

गतवर्षी भाद्रपदात एका स्नेही वैद्यांच्या औषधशाळेस भेट देण्याचा योग आला. औषधशाळा लहानच आहे. तीन खोल्या, एक पडवी, वाळवणाची गच्ची आणि पुढे ऐसपैस अंगण. अंगणातील मांडवावर पडवळाचा वेल दाट पसरला होता आणि दोन-दोन हात लांबीची पडवळे टोकाला दगड बांधल्यामुळे सरळ लोंबत होती. फाटकाच्या दोन्ही बाजूंस पांढऱ्या पट्ट्यांच्या हिरव्या पानांचे, पुरुषभर उंचीचे शोभेचे गवत लावलेले होते. ते रोपवाटिकेतून आणले होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याचे लक्ष वेधून घेत होते.

चहा घेताना बोलणे साहजिकच कच्च्या मालाकडे वळले. पटोलपंचांगाचा पुरवठा त्या हंगामात अनियमित होता आणि पटोलादि क्वाथाच्या भरड चूर्णाची मागणी तर दाराशी येऊन थांबलेली. स्नेह्यांनी मांडवाकडे बोट दाखवून विचारले, "अहो, पटोल म्हणजे पडवळच ना? मग हे घरचे, ताजे, स्वच्छ पडवळ काय वाईट?" मग फाटकाकडे पाहून हसत म्हणाले, "ते गवत मात्र नुसते शोभेचे. औषधशाळेच्या दारात निरुपयोगी झाड लावले म्हणून आमचे वडील असते तर रागावले असते."

आम्ही दोन्ही विधानांना मान डोलावली, आणि दोन्ही ठिकाणी चुकलो. त्या डोलावलेल्या मानेपायी पुढे १२ किलो क्वाथचूर्ण फेकून द्यावे लागले. त्याच्या काही पुड्या तोवर रुग्णांच्या हाती गेल्या होत्या. हा लेख लिहिण्याचे कारण एवढेच की, अशी चूक आमच्या एकट्याच्या हातून होत असेल असे आम्हास वाटत नाही.

चूक उघडकीस आणली ती औषधशाळेत बावीस-तेवीस वर्षे निवडणीचे काम करणाऱ्या मावशींनी. दिवाळीनंतर आम्ही पुन्हा तेथे गेलो असता त्यांनी पोत्यातील वाळलेल्या फळाची एक चकती आमच्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "डॉक्टर, हे चावून बघा. हे भाजीचं पडवळ हाय. औषधाचं कडू असतंया." चकती चावली. काकडी वाळवल्यासारखी चव, कडवटपणा नावालाही नाही. वाळलेले पान चावले, त्यास उग्र वास होता व किंचित कडसरपणाही होता. पण रानपडवळाचे पान जिभेवर ठेवताच जो कडू झटका बसतो, तो नव्हता. मांडवावरचा वेल, पाने, जून झालेली फळे, सारे सरसकट कापून वाळवले गेले होते.

हे तयार औषधात कोणाच्याच लक्षात का आले नाही, हा प्रश्न आम्हास अधिक महत्त्वाचा वाटतो. सुश्रुताच्या पटोलादि गणात पटोलाबरोबर चंदन, कुचंदन, मूर्वा, गुडूची, पाठा आणि कटुरोहिणी आहेत. कुटकी आणि गुळवेल ज्या काढ्यात आहे तो काढा कडू लागणारच. गणाचे नाव ज्या द्रव्यावरून पडले ते द्रव्यच त्यात नसले, तरी जीभ तक्रार करीत नाही. तयार क्वाथाची चव घेऊन समाधान मानणाऱ्या औषधशाळेस ही फसवणूक कधीही कळणार नाही. पटोलाची परीक्षा पोते उघडताना, ते एकटे असताना झाली पाहिजे.

पटोल कोणते?

येथे निघंटूंकडे वळणे आवश्यक आहे. चरकाने पटोल तृप्तिघ्न आणि तृष्णानिग्रहण या दोन महाकषायांत घेतले आहे. भावप्रकाशात त्याची जी नावे येतात त्यांत तिक्तक, कर्कशच्छद, राजीफल आणि पांडुफल ही वर्णनात्मक आहेत: चवीला कडू, पान खरखरीत, फळावर रेघा, फळ फिकट. ही चारही लक्षणे आज दोन वेलींस लागू पडतात. एक उत्तर भारतातील परवल, म्हणजे ट्रायकोसँथिस डायोइका. दुसरे आपल्याकडील रानपडवळ, अर्थात कडू पडवळ, म्हणजे ट्रायकोसँथिस कुकुमेरिना. आयुर्वेदिक फार्माकोपियाचा कौल परवलाच्या बाजूने आहे. महाराष्ट्रात आणि दक्षिणेत मात्र वैद्यपरंपरेने रानपडवळाचे पंचांग वापरले आहे.

या वादात उत्तरेचे चूक आणि आपले बरोबर, किंवा उलट, असे म्हणण्याची आमची तयारी नाही. परवलाचे फळ भाजीचे आहे, ते कडू नाही. पण त्याचे पान कडू आहे. बंगालमध्ये ते पलता या नावाने आवडीने खाल्ले जाते आणि तेथील वैद्य पटोलपत्र म्हणून तेच देतात. म्हणजे उत्तरेतील वैद्याने वेल भाजीचा घेतला, तरी अंग मात्र कडूच निवडले. आपल्याकडे पंचांग घेण्याची रूढी असल्याने फळही काढ्यात जाते, म्हणून वेलच कडू हवा. भावमिश्राने पटोलाच्या अंगांचे गुण वेगवेगळे दिले आहेत. मूळ सुखविरेचक, वेलाचा दांडा कफहर, पान पित्तहर आणि फळ त्रिदोषहर. ज्या द्रव्याची चार अंगे चार कामे करतात, त्याचा वेल गोळा करून सरसकट कापणे हे मुळातच अविचाराचे होते. मांडवावरून वेल उतरवताना हा विचार ना आम्हास सुचला, ना स्नेह्यांना.

आणि लागवडीचे लांब पडवळ? त्यासाठी ग्रंथात शोधाशोध करण्याचीही गरज नव्हती. भावप्रकाशात ते शाकवर्गात चिचिंड या नावाने स्वतंत्र दिलेले आहे. श्वेतराजि आणि सुदीर्घ ही त्याची विशेषणे कोणत्याही बाजारातील पडवळास तंतोतंत लागू पडतात. तिसरे नाव तर फारच बोलके आहे: गृहकूलक. कुलक हे पटोलाचेच एक नाव. घरात आणून वाढवलेला तो गृहकूलक. बल्य, रुचिकर, पथ्यकर असे वर्णन करून निघंटुकार पुढे स्पष्ट सांगतात की, हे गुणांनी पटोलाहून काहीसे उणे आहे. आजचे वनस्पतिशास्त्रही लांब पडवळास रानपडवळाचीच लागवडीत आलेली जात, कुकुमेरिनाची अँग्विना ही उपजात मानते. अर्थात स्नेह्यांचे म्हणणे कुळाच्या दृष्टीने खोटे नव्हते. वेल त्याच जातीचा होता. पण माणसाने पिढ्यानपिढ्या बी निवडताना त्यातून नेमकी तीच गोष्ट काढून टाकली, जी वैद्यास हवी होती. शेतकऱ्यास कडू फळ नको होते. त्याने कडू वेल उपटले आणि गोड ठेवले, त्याचे काम त्याने चोख केले.

म्हणून आमचे मत असे की, पटोल म्हणून रानपडवळ वापरणाऱ्यांनी ते खुशाल वापरावे. परंतु कच्च्या मालाच्या नोंदीत ट्रायकोसँथिस कुकुमेरिना असे पूर्ण नाव आणि वापरलेले अंग लिहावे, आणि लागवडीचे पडवळ पथ्याच्या ताटापलीकडे नेऊ नये. ताटात मात्र ते उत्तम आहे. ज्वर ओसरल्यावर मुगाच्या डाळीतली पडवळाची भाजी आम्ही आजही आवर्जून सांगतो.

उलट दिशेचा धोका

मात्र पथ्यातही एक सावधगिरी आहे, आणि ती जीवाशी गाठ घालणारी आहे. काकडीवर्गातील वेलींचा कडवटपणा हा कुकुरबिटासिन नावाच्या द्रव्यसमूहामुळे येतो. अल्प मात्रेत औषध असलेले हे द्रव्य अधिक मात्रेत तीव्र वमन, अतिसार, रक्तस्राव आणि रक्तदाब कोसळणे येथवर नेते. २०१० साली दिल्लीत कडू दुधीचा रस प्याल्याने एका व्यक्तीचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने या विषयावर तज्ज्ञ समिती नेमली. तिचा अहवाल २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्याचा आशय असा की, कडू लागणारा रस मुळीच पिऊ नये, पिण्यापूर्वी दुधीचा तुकडा चाखून पाहावा, आणि या विषबाधेवर विशिष्ट प्रतिविष उपलब्ध नाही.

आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यास यात नवल वाटू नये. चरकाच्या कल्पस्थानातील तिसरा अध्याय इक्ष्वाकूचा आहे. इक्ष्वाकू म्हणजे कडू दुधी, आणि तो वामक द्रव्यांत सांगितलेला आहे. गोड दुधी पथ्याचा, कडू दुधी वमनाचा. वेल एकाच जातीचे. "कडू तेवढे औषधी" या लोकसमजुतीने रुग्ण कडू रस डोळे मिटून पितो, कारण वैद्यांनीच त्यास कडू गोष्टी विश्वासाने घ्यायला शिकवले आहे. हा दोष आपल्याकडे येतो. आम्ही तरी २०१२ नंतर पथ्याच्या कागदावर दुधी आणि पडवळ यांच्यापुढे "चिरताना तुकडा चाखावा, कडू लागल्यास टाकावा" असे छापून घेतले आहे.

पडवळाच्या बाबतीत हा धोका उद्भवतो कसा, हे औषधी वनस्पतींची बाग करणाऱ्यांनी समजून घेण्यासारखे आहे. मांडवावरच्या गोड पडवळाशेजारी कोणी हौसेने रानपडवळ लावले, तर त्या वर्षीची भाजी बिघडत नाही. फळाचा गर मातृवेलीचा असतो, पराग कोणाचाही असो. परंतु त्या फळातील बी पुढील वर्षी पेरले की, फळे कडू निघण्याचा संभव असतो. कारण काकडीवर्गात कडवटपणाचा गुण बहुधा गोडाहून वरचढ ठरतो. बाहेरून फळ लांब, पांढरट, पट्ट्यापट्ट्यांचे, अगदी भाजीच्या पडवळासारखे. आत मात्र रान. एकाच अंगणात भाजी आणि औषध दोन्ही वाढवायची असतील, तर भाजीचे बी घरचे धरू नये, दरवर्षी खात्रीचे विकत घ्यावे.

या कुळाचा आणखी एक नातलग कोकण-गोव्यातील वाचकांच्या परिचयाचा आहे. गणेशचतुर्थीच्या माटोळीला लालभडक कवंडळ टांगतात, तेही ट्रायकोसँथिसच. कोणत्याही वेलीचे पंचांग घेताना पोत्यात गोल लाल फळांची साले दिसली, तर ते पोते पटोलाचे नाही. रानपडवळाचे फळ पिकल्यावर लाल होते हे खरे, पण ते लहान, लांबट, दोन्ही टोकांस निमुळते असते.

आता फाटकाकडे

पट्ट्यापट्ट्यांचे ते गवत म्हणजे अरुंडो डोनॅक्स, अर्थात आपला नळ. ओढ्याकाठी वाढणाऱ्या हिरव्या नळाचाच तो पांढऱ्या पट्ट्यांचा प्रकार. पानाच्या काही पेशीपट्ट्यांत हरितद्रव्य नसते, म्हणून ते पट्टे पांढरे किंवा पिवळसर दिसतात. वनस्पतीची जात त्यामुळे बदलत नाही. उन्हाळ्यात पट्टे फिके होऊन पाने हिरवट होतात. एखादा फुटवा तर पूर्ण हिरवाच येतो आणि बेटात हिरव्या नळाच्या रूपात उभा राहतो. स्नेह्यांच्या फाटकापाशी असा एक फुटवा होता. आम्ही त्यास "वेगळे तण" समजून उपटून टाकण्याचा सल्ला दिला होता, हे येथे नमूद करतो.

सुश्रुताच्या तृणपंचमूळात कुश, काश, नल, दर्भ आणि कांडेक्षु ही पाच तृणे आहेत. चरकाच्या यादीत नलाऐवजी शर, आणि त्याबरोबर इक्षु, दर्भ, काश व शालि येतात. सुश्रुत हे पंचमूळ दुधाबरोबर मूत्रविकारांत व रक्तपित्तात देण्यास सांगतो. वीरतर्वादि गणातही नल आहे, आणि अश्मरी-मूत्रकृच्छ्राच्या रुग्णांत त्या गणाचा उपयोग आपण सारेच करतो. ज्या दिवशी स्नेह्यांनी फाटकाच्या गवतास निरुपयोगी म्हटले, त्याच दिवशी त्यांच्या गोदामात तृणपंचमूळासाठी विकत आणलेले नळमुळाचे पोते होते.

ते पोते आम्ही दिवाळीनंतर उघडून पाहिले. मुळांना चिकटून आलेल्या कांड्यांचे तुकडे आडवे कापले. निम्म्याहून अधिक कांड्या भरीव निघाल्या, आत पांढरट भेंड. ते नळ नव्हते.

हे आम्ही इतक्या खात्रीने कसे म्हणतो? निघंटूने दिलेल्या नावांवरून. नलाची नावे पोटगल, शून्यमध्य आणि धमन. शून्यमध्य म्हणजे ज्याच्या मध्यभागी काही नाही, पोकळ. धमन म्हणजे फुंकणी. नळाची जाड कांडी पेऱ्यापेऱ्यांत पोकळ असते. (क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन या पाश्चात्त्य वाद्यांच्या पत्त्या याच वनस्पतीच्या कांडीपासून करतात, धमन हे नाव ठेवणाऱ्यास ते ऐकून आनंद झाला असता.) उसाचे कुळ, काश आणि तत्सम गवतांचे दांडे भरीव असतात. या एका कसोटीवर बाजारातील निम्मी भेसळ बाहेर पडते, आणि तिला चाकूपलीकडे कोणतेही उपकरण लागत नाही.

उरलेल्या निम्म्यासाठी थोडी अधिक नजर हवी. नळासारखेच पोकळ दांड्याचे आणि ओलीत वाढणारे फ्रॅग्मायटिस हे गवतही ठिकठिकाणी नळ म्हणूनच ओळखले जाते. तुरा हाती असेल तर भिंगाखाली फरक निश्चित होतो. नळाच्या तुऱ्यात लव तुसांवर असते, फ्रॅग्मायटिसमध्ये ती कणिशकाच्या आतील अक्षावर असते आणि तुसे गुळगुळीत असतात. तुरा नसेल तर पान व खोड यांचा सांधा पाहावा. नळाचे पान रुंद, त्याचा तळ कानांसारखा पसरून खोडास कवेत घेतो, आणि सांध्यावर आखूड पातळ पापुद्रा असतो. फ्रॅग्मायटिसमध्ये त्या जागी केसांची झालर असते. बांबूचीही कांडी पोकळ असते, पण बांबूचे पान आखूड देठावर बसते, नळाचे तसे नसते. रोपवाटिकेत शोभेची गवते म्हणून आणखी दोन प्रकार सर्रास मिळतात. दक्षिण अमेरिकेतील पंपास गवत, ज्याचे तुरे काशाची आठवण करून देतात. आणि जांभळ्या पानांचे, मांजराच्या शेपटीसारख्या तुऱ्याचे पेनिसेटम. पंपासचे पान हातावरून फिरवले तर करवतीसारखे कापते आणि त्यास नळासारखी कांडी नसते. या दोहोंचा तृणपंचमूळाशी काहीही संबंध नाही. तेव्हा दारातील प्रत्येक शोभेचे गवत औषधी असते, असा उलटा अर्थ कोणी या लेखातून काढू नये.

येथवर आल्यावर दोन्ही द्रव्ये शेजारी ठेवून पाहता एक गंमत दिसते. पडवळाच्या वेलीत रूप सारे पटोलाचे, रस मात्र नाहीसा झालेला. पट्ट्यांच्या नळात रूप पालटलेले, परंतु औषधात जे घ्यायचे ते मूळ जसेच्या तसे. एकात माणसाने फळाची निवड केली आणि आपण वापरतो ते अंगच बदलले. दुसऱ्यात माणसाने पानाचा रंग निवडला, आणि पान आपण वापरतच नाही. आम्ही दोघे वैद्य चहा पिता पिता रूपावर भाळलो, ओळखीचे दिसले ते आपले मानले आणि रंगीत दिसले ते परके. द्रव्यपरीक्षेची साधनेही म्हणून दोहोंसाठी वेगळी ठरतात. पटोलाच्या बाबतीत पहिले प्रमाण जीभ आहे. डोळे तेथे फसतात, कारण गोड आणि कडू वेलीचे पान, तंतू, झालरीची पांढरी फुले सारखीच. नळाच्या बाबतीत जीभ निरुपयोगी आहे, कारण कोणत्याही गवताचे मूळ चावले तरी गोडसर-तुरटच लागते. तेथे चाकू आणि भिंग हवे.

नळाबद्दल एक गोष्ट मात्र आम्ही फाटकाच्या बाजूने मुद्दाम सांगू इच्छितो. हा नळ सांडपाण्याच्या नाल्याकाठी फार जोमाने वाढतो आणि मातीतील जड धातू शोषून घेण्याची त्याची क्षमता एवढी आहे की, दूषित जमीन शुद्ध करण्यासाठी त्याचा उपयोग अभ्यासला गेला आहे. शहराजवळच्या नाल्यावरून उपटून आलेले मूळ जातीने शुद्ध नळ असूनही औषधात घेण्यास अयोग्य असू शकते. वनस्पतिज औषधांसाठी घालून दिलेली मर्यादा शिसे १० पीपीएम, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ पीपीएम अशी आहे. गोणी कोठल्या पाण्यावर वाढली हे पुरवठादारास विचारण्याची सवय आपल्यात नाही. दारचा नळ निदान कोणत्या मातीत उभा आहे हे आपणास ठाऊक असते. अर्थात शोभेच्या झाडांवर माळी जी फवारणी करतो ती येथे बंद ठेवावी लागेल, आणि रोपवाटिकेतून आणलेल्या बेटाची मुळे लगेच न काढता ते जमिनीत रुजून नव्याने वाढू द्यावे, एवढे पथ्य.

आणखी असे की, नळ हे निरुपद्रवी गवत नव्हे. १९३०च्या दशकात त्यातून डोनॅक्सिन नावाचा क्षाराभ वेगळा करण्यात आला, तोच पुढे ग्रॅमिन म्हणून ओळखला जातो. मात्रा तोलूनच द्यावी. आणि लावतानाही भान ठेवावे, कारण जगातील १०० सर्वांत उपद्रवी परकीय वनस्पती-प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय यादीत अरुंडो डोनॅक्सचे नाव आहे. त्याचे बी सहसा रुजत नाही. पण भूमिगत खोडाचा बोटभर तुकडाही ओढ्याच्या पाण्याबरोबर वाहून गेला, तर पुढे कोठेतरी बेट उभे राहते. मुळे काढल्यावर उरलेला काडीकचरा ओढ्यात टाकू नये, वाळवून जाळावा.

संकलनाचा काळही दोहोंचा भिन्न आहे. रानपडवळ वर्षायू आहे. पावसाळ्यात उगवते आणि फळे धरून हिवाळ्याच्या तोंडाशी वाळते, म्हणून त्याचे पंचांग फळे हिरवी असतानाच घ्यावे. नळ बहुवर्षायू आहे, आणि मुळे ग्रीष्मात किंवा शिशिरात घ्यावीत असे चरकाचे सांगणे आहे. शिशिरात बेटाची एक बाजू खणली तरी दुसरी बाजू पुढील पावसाळ्यात ती जागा भरून काढते. ज्यांच्या औषधशाळेस वर्षाला चार-पाच किलो नळमूळ पुरते, त्यांनी ते बाजारातून आणण्याचे कारण आम्हास दिसत नाही.

कायद्याच्या बाजूने पाहिले तरी हा विषय कागदापुरता नाही. १९४५च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील नियम १६१ प्रमाणे आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावर घटकद्रव्यांची खरी यादी प्रमाणासह द्यावी लागते. ज्या पुडीवर पटोल छापले आहे आणि आत चिचिंड आहे, ती यादी खरी राहत नाही, मग हेतू कितीही निर्मळ असो. परिशिष्ट 'टी' नुसार कच्च्या मालाच्या प्रत्येक गोणीवर ती परीक्षणाधीन आहे, स्वीकृत आहे की नाकारलेली आहे याची चिठ्ठी असावी लागते. बहुतेक लहान औषधशाळांत तपासनिसाच्या भेटीपूर्वी या चिठ्ठ्या एकदम लावल्या जातात, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे.

स्नेह्यांनी १२ किलोंपैकी उरलेले चूर्ण आमच्यासमोर खड्ड्यात पुरले आणि ज्या सात रुग्णांकडे पुड्या गेल्या होत्या त्यांना निरोप पाठवून नवे औषध विनामूल्य दिले. नळमुळाचे पोते पुरवठादाराकडे परत गेले. त्याने कटकट न करता पैसे परत केले, पण माल कोठून आणला हे सांगितले नाही. "परीक्षणाधीन" चिठ्ठी काढण्याचा अधिकार आता त्या औषधशाळेत मावशींकडे आहे. वनस्पतिज कोणतीही गोणी त्यांनी चावून किंवा कापून पाहिल्याखेरीज कुटणीखोलीत जात नाही. यंदा मृगात रानपडवळाचे बी शेताच्या पलीकडच्या बांधावर, मांडवापासून दूर टाकले आहे. मांडवावर विकतच्या बियाण्याचे गोड पडवळ आहे आणि ते फक्त स्वयंपाकघरात जाते. फाटकाच्या डाव्या बाजूचे बेट शिशिरात अर्धे खणले होते. या श्रावणात ते पुन्हा भरून आले आहे, आणि त्यातील दोन फुटवे पूर्ण हिरवे निघाले आहेत.